सेव्ह केलं, पण लागू झालं का? कोड एडिटरमधून राउटर सांभाळताना

नेटवर्कचं काम करणाऱ्या माणसाच्या लॅपटॉपवर पुटी हा राउटरवर दुरून लॉगिन करायचा प्रोग्राम असतो, मायक्रोटिक कंपनीचे राउटर सांभाळणारा असेल तर त्यांचा विनबॉक्स असतो, आणि डेस्कटॉपवर ‘ब्रांच_नवीन_फायनल_२’ असल्या नावांच्या नोटपॅड फायलींचा ढीग असतो. नव्या शाखेत राउटर बसवायचा झाला की जुन्या शाखेची फाइल उघडायची, आयपी बदलायचे, सगळं सिलेक्ट करायचं आणि पुटीत माउसचं उजवं बटण दाबायचं. काम होतं. वर्षानुवर्षं असंच होत आलंय.

म्हणजे राउटरची कॉन्फिग (त्याने कसं वागायचं याच्या सूचना) आधी कुठंतरी लिहायची आणि मग राउटरवर पाठवायची, ही सवय आपल्याला आहेच. फक्त एडिटर नोटपॅड आहे. त्याला रंग कळत नाहीत, काल काय होतं ते आठवत नाही, आणि पाठवलेलं राउटरने खरंच घेतलं का, हेही तो सांगत नाही. व्हीएस कोड, ईमॅक्स किंवा व्हिम अशा कोड एडिटरमधून राउटर सांभाळायचे म्हणजे या उणिवा एकेक करून भरून काढायच्या. त्यातल्या काही पाच मिनिटांत भरतात. एक मात्र अशी आहे की तिच्यासाठी दोन दशकं लोक डोकं लावतायत, आणि हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

घरातल्या वायफाय राउटरला एक वेबपेज असतं. पासवर्ड बदलला, झालं. ऑफिसच्या, बँकेच्या किंवा इंटरनेट पुरवठादाराच्या राउटरमध्ये मात्र कॉन्फिग हा शुद्ध मजकूर असतो. कुठल्या पोर्टला कुठला पत्ता, कुठल्या गावाकडचं ट्रॅफिक कुठल्या लिंकने जाणार, कोणाला आत येऊ द्यायचं आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं, शेजारच्या नेटवर्कशी बीजीपीवर (नेटवर्क एकमेकांना रस्ते कळवतात ती भाषा) काय बोलायचं, हे सगळं ओळींमध्ये लिहिलेलं. छोट्या शाखेचा राउटर असेल तर दोन-तीनशे ओळी, मोठा असेल तर हजारो. आणि एकदा मजकूर म्हटला की मजकुराची सगळी अवजारं लागू पडतात: शोध, रंग, दोन आवृत्त्यांमधला फरक, इतिहास. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ही चैन फार पूर्वीपासून आहे. २००५ साली गिट हे आवृत्त्यांचा इतिहास सांभाळणारं अवजार आलं तेव्हाही ती नवी नव्हती.

नेटवर्कवाल्यांनाही ती हवी होती. इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने २००२ साली नेटवर्क व्यवस्थापनावर एक बैठक घेतली. तिचा वृत्तांत पुढच्या वर्षी आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत ३५३५ क्रमांकाने प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष नेटवर्क चालवणाऱ्यांनी तिथं मांडलेल्या मागण्या आज वाचल्या तर कालच लिहिल्यासारख्या वाटतात. कॉन्फिग वेगळी आणि यंत्राची चालू अवस्था वेगळी दाखवा. दोन कॉन्फिगमधला फरक सहज काढता आला पाहिजे. डिफ (दोन मजकुरांतला फरक) दाखवणारी आणि आवृत्त्या सांभाळणारी साधी अवजारं वापरता आली पाहिजेत. एकेका डब्याकडे न बघता अख्ख्या नेटवर्ककडे बघता आलं पाहिजे. मागणी इतकी साधी, तरी पुरी व्हायला एवढा वेळ का लागला?

राउटर ही फाइल नव्हे

एडिटरमध्ये कंट्रोल-एस दाबलं की फाइल सेव्ह होते. राउटरला त्याचा पत्ताही नसतो.

उलट सिस्कोच्या आयओएसवर (ही राउटरची ऑपरेटिंग सिस्टीम, आयफोनची नव्हे) लॉगिन करून कॉन्फिग मोडमध्ये एक ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं, की ती ओळ त्याच क्षणी लागू. तिथं ‘आधी बघू, मग करू’ अशी सोयच नाही. सिस्कोच्या राउटरमध्ये कॉन्फिगच्या दोन प्रती असतात. रनिंग-कॉन्फिग मेमरीत चालू असते, आणि स्टार्टअप-कॉन्फिग राउटर बंद करून चालू केल्यावर वाचली जाते. एंटर मारलं की पहिली बदलते. दुसरी बदलायला ‘राइट मेमरी’, थोडक्यात ‘डब्ल्यूआर’, मारावं लागतं. ‘डब्ल्यूआर मारलंस ना?’ हा प्रश्न प्रत्येक सीनियरने प्रत्येक ज्युनियरला विचारलेला असतो, कारण तो मारला नाही आणि महिन्याने वीज गेली की महिन्यापूर्वीचं नेटवर्क परत येतं.

आता यात एडिटरमधली फाइल आली. एकाच राउटरची तीन सत्यं झाली: फाइल, चालू कॉन्फिग आणि साठवलेली कॉन्फिग. सेव्ह आणि लागू यांच्यामध्ये जी मोकळी जागा तयार होते, तिथंच सगळी गंमत आहे आणि सगळे घोटाळेही.

एक उदाहरण जवळून बघू. सिस्कोच्या स्विचवर दोन मजल्यांना जोडणारा ट्रंक पोर्ट आहे. त्यातून १०, २० आणि २५ हे व्हीलॅन, म्हणजे एकाच वायरीवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं, जातायत. आता नवा ३० हवाय. माणूस लॉगिन करतो आणि मारतो:

स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०

स्विच एक शब्द बोलत नाही. कमांड बरोबर आहे, व्याकरणात खोट नाही. पण तिचा अर्थ ‘३० सुद्धा जाऊ दे’ असा नाही. ‘फक्त ३० जाऊ दे’ असा आहे. त्यात ‘अॅड’ हा एक शब्द हवा होता. तो नसल्यामुळे १०, २०, २५ एका झटक्यात बंद, आणि वरच्या मजल्यावरचे फोन, संगणक, सीसीटीव्ही सगळं गप्प. या धंद्यातला हा सर्वांत जुना अपघात असावा.

हाच बदल पूर्ण कॉन्फिगच्या फाइलमध्ये केला असता तर? एडिटरच्या डिफमध्ये हे दिसलं असतं:

– स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन १०,२०,२५
+ स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०

वरची ओळ लाल, खालची हिरवी. हे बघून कुणाचंही बोट थबकेल. खरं तर ही चूक फाइलमध्ये होणंच अवघड आहे, कारण तिथं आधीची ओळ डोळ्यांसमोर असते आणि आपण तिच्या शेवटी स्वल्पविराम देऊन ३० लिहितो.

फरक कशात आहे ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टर्मिनलवर आपण राउटरला कृती सांगतो: हे काढ, ते लाव. फाइलमध्ये आपण स्थिती सांगतो: शेवटी हे असं असलं पाहिजे. रिक्षावाल्याला ‘डावीकडे घ्या, आता उजवीकडे, आता सरळ’ असं सांगणं आणि ‘दगडूशेठला सोडा’ असं सांगणं यांत जो फरक आहे, तोच. पहिली तऱ्हा रिक्षा नक्की कुठं उभी आहे यावर अवलंबून असते. ती आपल्याला वाटते त्या चौकात नसेल, तर त्याच सूचना भलतीकडे नेतात.

प्रश्न एवढाच की राउटरला ‘दगडूशेठ’ कळतं का? काहींना कळतं, काहींना अजिबात नाही. कोणाला किती कळतं हे न बघता एडिटर जोडायला गेलं की फसगत ठरलेली.

कोणाला काय कळतं

जुनिपरवाले इथं पहिल्यापासून सुखी. त्यांच्या जुनोस या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये तुम्ही जे लिहिता ते एका कच्च्या प्रतीत जातं. ‘शो, पाइप, कम्पेअर’ म्हटलं की चालू प्रत आणि कच्ची प्रत यांतला फरक दिसतो. ‘कमिट चेक’ म्हटलं की राउटर तपासून सांगतो, पण लागू करत नाही. ‘कमिट’ म्हटलं की सगळं एकदम लागू. जुन्या ५० आवृत्त्या आतच साठवलेल्या असतात, शून्यापासून ४९ पर्यंत. हवी तिच्यावर ‘रोलबॅक’ करायचं. एडिटरमध्ये लिहिलेली अख्खी फाइल ‘लोड ओव्हरराइड’ने चढवता येते. जुनं काय होतं याची काळजी नाही, फरक राउटर स्वतः काढतो.

सिस्कोच्या साध्या आयओएसलाही हे नंतर शिकवण्यात आलं. ‘कॉन्फिगर रिप्लेस’ नावाची कमांड पूर्ण फाइल घेते, चालू कॉन्फिगशी ताडून बघते आणि तेवढ्याच ओळी काढते किंवा घालते. सिस्कोच्याच आयओएस एक्सआरमध्ये तर जुनिपरसारखं कमिट आहे. अरिस्टाच्या ईओएसमध्ये कॉन्फिग सेशन आहे, म्हणजे तशीच कच्ची प्रत. लिनक्सवर राउटिंग करणारे एफआरआर वापरतात. त्याच्यासोबत एक स्क्रिप्ट येते, ती फाइल आणि चालू अवस्था यांच्यातला फरक काढून तेवढ्याच कमांड देते, आणि आधी नुसती चाचणी करून बघायचीही सोय देते.

आता मायक्रोटिक. आपल्याकडे तालुक्याच्या गावातल्या केबल-इंटरनेटवाल्याकडे जा, रॅकमध्ये हा डबा दिसण्याची शक्यता मोठी. लाटव्हियातल्या रीगाची ही कंपनी. स्वस्त, दणकट आणि सगळं काही करणारी. त्यावर ‘एक्स्पोर्ट’ मारलं की सुरेख मजकूर मिळतो. तो बघून वाटतं, आता काय, फाइल मिळाली, एडिटरमध्ये बदलू आणि ‘इम्पोर्ट’ करू.

तसं होत नाही. एक्स्पोर्टमधून निघालेला मजकूर कॉन्फिगसारखा दिसला तरी ती कमांडची यादी असते: अॅड, अॅड, सेट, अॅड. तीच फाइल त्याच राउटरवर परत इम्पोर्ट केली की पहिल्याच पत्त्यापाशी तो म्हणतो, असा पत्ता आधीच आहे, आणि तिथंच थांबतो. मागच्या ओळी लागल्या, पुढच्या राहिल्या. रिकाम्या राउटरवर ही फाइल उत्तम चालते. चालू राउटरवर तिला ‘दगडूशेठ’ माहीत नाही. म्हणून मायक्रोटिकसाठी एडिटरमध्ये बदल करायचा तो असा, की आधी ‘फाइंड’ने ओळ शोधायची, सापडली तर ‘सेट’, नाही तर ‘अॅड’. राउटरओएस या मायक्रोटिकच्या सिस्टीमच्या सातव्या आवृत्तीपासून रेस्ट एपीआयही आहे, त्यामुळे एडिटरमधूनच विनंती पाठवून एकेक नोंद वाचता आणि बदलता येते. विनबॉक्सवर प्रेम असलेल्यांना हे रुचणार नाही, पण ५० राउटरवर तोच एक नियम घालायचा असेल तेव्हा विनबॉक्समध्ये ५० वेळा टिचक्या मारण्यात शहाणपण नाही.

एडिटर राउटरला जोडायचा कसा

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एडिटरच्या आतलंच टर्मिनल. वर फाइल, खाली राउटरवर दुरून लॉगिन केलेलं एसएसएच सेशन. व्हीएस कोडमध्ये निवडलेला मजकूर चालू टर्मिनलला पाठवायची कमांड आहे. तिला एक शॉर्टकट दिला की झालं. हा नोटपॅड-पुटीचाच जोड आहे, फक्त एका खिडकीत. पण यातही फायदे आहेत. सिस्को, जुनिपर, मायक्रोटिक यांच्या कॉन्फिगला रंग देणारी एक्स्टेंशन मिळतात, त्यामुळे चुकलेला शब्द रंगहीन राहतो आणि नजरेत भरतो.

आणखी एक फायदा फार कमी लोक सांगतात. आपल्याकडे कॉन्फिगचा अर्धा प्रवास व्हॉट्सअॅपवरून होतो, उरलेला वर्डच्या फायलींतून. वाटेत साध्या अवतरणचिन्हांची वळणदार होतात, हायफनचा लांब डॅश होतो, स्पेसच्या जागी स्पेससारखं दिसणारं भलतंच अक्षर येऊन बसतं. नोटपॅडमध्ये काही कळत नाही, राउटर मात्र कमांड नाकारतो आणि माणूस अर्धा तास आयपी तपासत बसतो. व्हीएस कोड असल्या संशयास्पद अक्षरांभोवती चौकट काढून दाखवतो. एवढ्यासाठीसुद्धा नोटपॅड सोडायला हरकत नाही.

दुसरा मार्ग दिसायला जास्त देखणा: राउटरवरची फाइल थेट एडिटरमध्ये उघडायची. ईमॅक्समध्ये ट्रॅम्प आहे, व्हिमला एससीपीवरून फाइल उघडता येते, व्हीएस कोडला २०१९ पासून रिमोट-एसएसएच आहे. पण हे तिघेही पलीकडे एक खरंखुरं युनिक्स धर्तीचं यंत्र असेल अशी अपेक्षा करतात. ट्रॅम्पला पलीकडे शेल, म्हणजे युनिक्सच्या कमांड चालवणारा प्रोग्राम, लागतो. रिमोट-एसएसएच तर पलीकडच्या यंत्रावर स्वतःचा एक छोटा सर्व्हर नेऊन बसवतो. सिस्कोच्या आयओएसवर हे दोन्ही चालत नाहीत. तिथला प्रॉम्प्ट शेलसारखा दिसतो, पण शेल नसतो.

ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवर बेतलेली सिस्टीम टाकलेला राउटर असेल तर ईमॅक्सवाल्यांची दिवाळी. ‘ईटीसी’मधल्या ‘कॉन्फिग’ या फोल्डरात नेटवर्क, वायरलेस, फायरवॉल अशा साध्या मजकुराच्या फायली असतात. ट्रॅम्पने उघडा, बदला, सेव्ह करा. तरीही ती मोकळी जागा इथंही आहेच: फाइल सेव्ह झाली म्हणजे बदल लागू झाला असं नाही, त्यासाठी सेवा रीलोड करावी लागते. रिमोट-एसएसएचचा खरा उपयोग वेगळा. बहुतेक मोठ्या ठिकाणी राउटरवर थेट जाता येत नाही, आधी मधल्या एका लिनक्स सर्व्हरवर जावं लागतं. त्या सर्व्हरवर सगळ्या कॉन्फिगचं फोल्डर ठेवायचं आणि एडिटर तिथं जोडायचा. मग घरून काम असो की ऑफिसातून, फायली एकाच जागी.

तिसरा मार्ग माझ्या मते खरा. कॉन्फिगचं फोल्डर गिटमध्ये, आणि राउटरपर्यंत पोचवण्याचं काम दुसऱ्या अवजाराकडे. पायथन येत असेल तर नेटमिको किंवा नापाम. नसेल तर अॅन्सिबल. यातलं नापाम मला जास्त आवडतं, कारण त्याचा आकारच बरोबर आहे: कच्ची प्रत चढव, तुलना दाखव, मग कमिट कर किंवा टाकून दे. राउटर सिस्कोचा असो की जुनिपरचा, कमांडची नावं तीच. अॅन्सिबलमध्येही ‘चेक’ आणि ‘डिफ’ असे दोन पर्याय आहेत, ते दिले की काय बदलेल ते दिसतं पण बदलत काही नाही. एडिटर आणि राउटर यांच्यात असा एक थांबा असला पाहिजे. सेव्ह दाबताच राउटरवर लागू होईल अशी जोडणी काही उत्साही मंडळी करतात. करू नये.

नेटकॉन्फ आणि यँग यांचा उल्लेख करायला हवा. २००२च्या त्या मागण्यांना मिळालेलं हे अधिकृत उत्तर. नेटकॉन्फ २००६ साली आलं, २०११ मध्ये सुधारलं, पोर्ट ८३०. यँग ही राउटरच्या कॉन्फिगचा साचा लिहायची भाषा. साचा हाताशी असला की एडिटर तुम्ही अर्धा शब्द लिहिताच पुढचा सुचवतो आणि चुकीची किंमत पाठवण्याआधीच लाल रेघ मारतो. मोठ्या पुरवठादारांकडे हे चालतं. वीस-पंचवीस राउटर असलेल्या माणसाने त्याच्या मागे लागायची घाई नको.

ज्या फांदीवर बसलोय

सॉफ्टवेअरच्या कामात आणि नेटवर्कच्या कामात एक मूलभूत फरक आहे. राउटर बदलायला ज्या रस्त्याने आपण गेलो, तो रस्ताच आपण बदलत असतो.

समजा, नाशिकच्या शाखेच्या राउटरचा बाहेरचा पत्ता २०३.०.११३.१० आहे आणि पुरवठादाराने नवा दिला, १९८.५१.१००.१०. फाइलमध्ये दोन ओळी: नवा पत्ता आणि नवा डिफॉल्ट रूट (बाहेर जायचा ठरलेला रस्ता). स्क्रिप्ट पुण्यातून पहिली ओळ पाठवते. राउटर ती इमानाने लागू करतो. जुना पत्ता गेला, त्याच्याबरोबर आपलं सेशनही गेलं. स्क्रिप्ट पहिल्या ओळीचं उत्तर यायची वाट बघत बसते, उत्तर येत नाही, दुसरी ओळ निघतच नाही. आता नाशिकला गाडी काढायची, नाहीतर शाखेतल्या कुणाला तरी फोनवरून ‘भाऊ, त्या निळ्या वायरीचं दुसरं टोक कुठंय बघा जरा’ करत बसायचं.

यावर उपाय राउटरमध्येच असतो आणि तो वापरल्याशिवाय दूरच्या राउटरला हात लावू नये. जुनोसमध्ये ‘कमिट कन्फर्म्ड’ म्हटलं की बदल लागू होतो, पण दहा मिनिटांत तुम्ही परत येऊन पक्कं केलं नाही तर राउटर आपणहून जुन्या कॉन्फिगवर जातो. दोन्ही ओळी एकदम लागू होतात हा वरचा फायदा. सिस्कोवर जुना रिवाज ‘रीलोड इन १०’ मारून काम सुरू करायचा: दहा मिनिटांत रीलोड रद्द केला नाही तर राउटर बंद होऊन साठवलेल्या कॉन्फिगवर उठतो. अट एकच, मध्येच सवयीने डब्ल्यूआर मारायचं नाही, नाहीतर चुकीचीच कॉन्फिग साठवली जाते. अर्थात अख्खा राउटर बंद-चालू होणं हा जालीम उपाय. आयओएसमध्ये ‘रिव्हर्ट टायमर’ लावूनही कॉन्फिग मोडमध्ये शिरता येतं, तो नुसता बदल मागे घेतो. त्यासाठी आर्काइव्हची सोय आधी चालू केलेली हवी.

मायक्रोटिकवर सेफ मोड आहे, टर्मिनलमध्ये कंट्रोल-एक्स. सेशन तुटलं तर त्या मोडमध्ये केलेले बदल राउटर काही वेळाने स्वतः उलटवतो. पण एडिटरमधून भलीमोठी स्क्रिप्ट ओतणाऱ्यांसाठी इथं एक खड्डा आहे. हे उलटवणं राउटरच्या कृतींच्या इतिहासावर चालतं आणि त्यात १०० कृतींपुरतीच जागा असते. बदल त्याहून जास्त झाले की राउटर सेफ मोडमधून बाहेर पडतो आणि मग काही उलटत नाही. नेमका ज्या दिवशी जास्त बदल आहेत त्या दिवशी जाळी नसते. तुकडे पाडून पाठवा.

राउटरला थेट जोडायच्या कन्सोल केबलने ओतत असाल तर आणखी एक. ९६०० बॉडच्या वेगाला एडिटरमधून दोनशे ओळी एकदम पेस्ट केल्या की राउटर मधली अक्षरं गिळतो. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये दर ओळीमागे थोडा विलंब द्यायची सोय असते, ती वापरायची.

आधी वाचा, मग लिहा

सुरुवात कुठून करायची, असं विचाराल तर: लिहायला जाऊच नका. रोज रात्री सगळ्या राउटरची कॉन्फिग ओढून गिटमध्ये ठेवा, एवढंच करा. रॅन्सिड हे जुनं अवजार आणि ऑक्सिडाइज्ड हे त्याच्या मानाने नवं, दोन्ही फुकट आणि दोन्हींचा धंदा हाच. सकाळी एडिटर उघडला की काल रात्रीपासून काय बदललं ते लाल-हिरव्यात दिसतं. यात राउटर बिघडवायची भीती नाही, त्यामुळे वरच्यांची परवानगीही लवकर मिळते.

पहिल्या आठवड्यात हा डिफ वैताग आणेल. सिस्को कॉन्फिगच्या डोक्यावर शेवटच्या बदलाची वेळ लिहितो, मायक्रोटिक एक्स्पोर्ट केल्याची तारीख लिहितो, जुन्या सिस्कोंमध्ये एनटीपीच्या (वेळ जुळवणाऱ्या सोयीच्या) घड्याळाची एक ओळ आपोआप बदलत राहते. काहीच न बदलता रोज बदल दिसतो. या अवजारांना असल्या ओळी गाळायला शिकवलेलं असतं. स्वतःची स्क्रिप्ट लिहिलीत तर ते तुम्हाला करावं लागेल. न केलंत तर आठ दिवसांत तुम्ही डिफ बघणं सोडाल.

पासवर्डचं काय? सिस्कोच्या कॉन्फिगमध्ये ‘टाइप ७’ लिहिलेला पासवर्ड गूढ अक्षरांत दिसतो, पण ते कुलूप नाही, नुसता पडदा आहे. कुणीही काही सेकंदांत तो उलगडतो. राउटरवर नजर ठेवायच्या एसएनएमपीची कम्युनिटी, म्हणजे त्याचा पासवर्डच, तर उघडीच. मायक्रोटिकच्या सातव्या आवृत्तीत एक्स्पोर्ट करताना गुपितं आपोआप लपवली जातात, सहाव्यात ती मुद्दाम लपवायला सांगावं लागे. गिटचा स्वभाव असा की एकदा आत गेलेलं नंतर पुसलं तरी इतिहासात राहतं. तेव्हा रिपॉझिटरी खासगी, आपल्याच सर्व्हरवर, आणि गुपितं वेगळ्या कुलूपबंद फाइलमध्ये. अॅन्सिबलची व्हॉल्ट यासाठीच आहे. एडिटरमधला एआय साहाय्यकही याच यादीत धरा. तो चालू असताना उघडलेली कॉन्फिग कुठल्या सर्व्हरवर जाते ते आधी बघा. शिवाय एका कंपनीच्या कमांड दुसरीच्या कॉन्फिगमध्ये तो इतक्या आत्मविश्वासाने मिसळतो की नवखा माणूस मान डोलावतो.

डिफ दिसला, तरीही

इथवर वाचून वाटेल की डिफ दिसला म्हणजे जिंकलं. १७ जुलै २०२० रोजी क्लाउडफ्लेअर या असंख्य वेबसाइटचं ट्रॅफिक वाहणाऱ्या कंपनीत काय झालं ते बघू. कंपनीने स्वतःच ते तपशिलात प्रसिद्ध केलं आहे.

त्यांच्या नेवार्क ते शिकागो या लिंकला अडचण होती, त्यामुळे दुसरीकडे गर्दी झाली होती. ती कमी करायला अटलांटाच्या राउटरवर एक बदल करायचा ठरला. त्या राउटरमधल्या बीजीपीच्या धोरणात एक कलम होतं. त्याचा मथितार्थ असा: पत्ता अमुक यादीत असेल, तर त्याला २०० ही पसंती देऊन बाकीच्या राउटरना कळव. हे कलम तात्पुरतं निष्क्रिय करायला हवं होतं. प्रत्यक्षात कलमातली यादी निष्क्रिय झाली.

डिफमध्ये हे एका ओळीचं होतं. निष्क्रिय, आणि पुढं यादीचं नाव. दिसायला निरुपद्रवी, काहीतरी बंद करायचं होतं, काहीतरी बंद झालं. पण ‘यादीत असेल तर’ ही अट गेल्यावर कलमात उरलं काय? सगळ्याच पत्त्यांना २०० पसंती देऊन सगळ्यांना कळव. अटलांटाने तेच केलं. बाकी शहरांत स्वतःच्या सर्व्हरकडे जाणाऱ्या रस्त्यांची पसंती १०० होती. मोठा आकडा जिंकतो. शहराशहरातलं ट्रॅफिक घरचे सर्व्हर सोडून अटलांटाकडे धावलं. त्यांच्या नेटवर्कवरचं निम्मं ट्रॅफिक कोसळलं, आणि अटलांटाला बॅकबोनमधून, म्हणजे शहरं जोडणाऱ्या मुख्य जाळ्यातून, बाजूला काढेपर्यंत २७ मिनिटं गेली.

हे नवख्याचं काम नव्हतं आणि अवजारंही गावठी नव्हती. डिफ मजकुरातला फरक दाखवतो; परिणामातला फरक वाचणाऱ्याच्या डोक्यात असावा लागतो. व्हीलॅनच्या उदाहरणात दोन्ही एकच होते, म्हणून बोट थबकलं. इथं नव्हते.

क्लाउडफ्लेअरने नंतर जाहीर केलेले उपाय एडिटरमधले नाहीतच, राउटरमधले आहेत. बॅकबोनवरच्या बीजीपी सेशनना एक कमाल मर्यादा, की शेजाऱ्याने याहून जास्त रस्ते सांगितले तर सेशन तोडून टाक. आणि घरच्या सर्व्हरच्या रस्त्यांची पसंती अशी बदलायची, की एक शहर दुसऱ्याचं ट्रॅफिक असं ओढून घेऊ शकणार नाही. म्हणजे चूक होणार हे धरूनच रचना.

परिणाम आधी बघायचा असेल तर दोन सोयी आहेत. बॅटफिश हे मोफत अवजार नुसत्या कॉन्फिगच्या फायली वाचून अख्ख्या नेटवर्कचं गणिती रूप उभं करतं आणि मग त्याला विचारता येतं: या बदलानंतर इथून निघालेलं पॅकेट तिथं पोचेल का? खऱ्या राउटरला हात न लावता. दुसरी सोय म्हणजे लॅब. कंटेनरलॅबमध्ये एका फाइलमध्ये चार राउटर आणि त्यांच्या जोडण्या लिहिल्या की लॅपटॉपवरच छोटं नेटवर्क चालू होतं. व्हीएस कोडसाठी त्याचं एक्स्टेंशनही आहे, त्यात हे नेटवर्क चित्ररूपातही दिसतं. जीएनएस३ आणि ईव्ह-एनजी या लॅबच्या अवजारांवर शिकलेल्यांना हे लगेच जमेल.

आणि रात्री दोन वाजता लिंक पडली तर? तेव्हा एडिटर, गिट, स्क्रिप्ट सगळं बाजूला. थेट लॉगिन करा, गरज पडली तर कन्सोल लावा, जे मारायचं ते मारा आणि सेवा उभी करा. फक्त हा बदल आता राउटरवर आहे आणि फाइलमध्ये नाही. तो तसाच राहिला तर पुढच्या मंगळवारी दुसराच कुणीतरी फाइलमधून भलताच बदल पाठवेल, फाइल जुनी असल्यामुळे तुमची रात्रीची ओळ पुसली जाईल आणि लिंक परत पडेल, आणि तेव्हा कारण शोधायला दुप्पट वेळ लागेल. रात्रीचं ऑक्सिडाइज्ड ती ओळ उचलतंच. सकाळी डिफमध्ये ती दिसली की दोनच पर्याय ठेवायचे: एकतर कारण लिहून ती फाइलमध्ये घ्यायची, नाहीतर राउटरवरून काढायची. ‘नंतर बघू’ हा पर्याय ठेवायचा नाही.